बिनहातमोज्यांचं बोलावणं

ऑटर कोव्ह, मॅसॅच्युसेट्स
४ ऑक्टोबर १७७४

कझायाताई,

बाबांना न सांगता लिहितेय. ते मागच्या अंगणात कातडी ताणत बसलेत, म्हणून थोडा वेळ मिळालाय. अक्षराला हसू नकोस हं. नवव्या वर्षी शाळा सुटली तेव्हा जेवढं येत होतं तेवढंच अजून येतंय. पण बोलण्यापेक्षा हे बरं. तुला माहितीये माझं, समोर दोन माणसं आली की जीभ टाळ्याला चिकटते. कागद काही तोंडाकडे बघत बसत नाही.

सायलस गाडीवाला बॉस्टनला निघालाय. राजानं तुमचं बंदर बंद केल्यापासून होडीनं तुमच्याकडे काही येत नाही असं ऐकलं. म्हणून त्याच्या गाडीत तुझ्यासाठी सुकवलेला कॉड मासा आणि काकवीची बुधली ठेवलीय. काकवीची जकात भरलीय का ते मी विचारलं नाही. अँब्रोजदाजींना सांग, त्यांनीही विचारू नये.

गंमत केली गं. दाजींना राग येईल का? येत असेल तर ही ओळ त्यांना वाचून दाखवू नकोस.

इथं सगळं ठीक आहे. बाबा जरा खोकतात. दुकानाची पुढची काच गेली, वारा फार होता त्या दिवशी. विलायती काच आता कोणी घेत नाही, म्हणून बाबांनी तिथं मेंढीचं पातळ कातडं ताणून लावलंय. आत पिवळा पिवळा उजेड पडतो. मला आवडतो, शिवताना डोळ्यांना बरा वाटतो.

काल नवीन कातडं कापताना बाबांनी तो बायकांचा साचा काढला. तुझ्या हाताचा. तू चौदा वर्षांची होतीस, पाटावर हात ठेवून हसत बसली होतीस, आणि बाबा कोळशानं बोटांच्या कडेनं रेघ ओढत होते. 'हलू नकोस गं, करंगळी जाड होईल आणि गावातल्या सगळ्या बायका मला शिव्या देतील.' मी टेबलाखाली बसून ऐकत होते. तेव्हापासून गावातल्या बायकांचे सगळे हातमोजे तुझ्याच हातावर बेतलेले. रविवारी प्रार्थनाघरात बायका गुडघ्यावर हात ठेवून बसतात ना, तेव्हा मी खाली मान घालून नुसते हात बघत बसते. रांगेच्या रांग तुझे हात.

तुझं नाव मात्र ते घेत नाहीत. साचा काढतात, पुसतात, कापतात, परत खिळ्याला अडकवतात. मीही काही म्हणत नाही.

तुला राजाच्या वाढदिवसाची होळी आठवते का? आई होती तेव्हाची. ओबेडकाका गलबतावरून तोफ उडवायचे आणि दरवेळी स्वतःच दचकायचे. बाबा पिंपावर चढून राजाच्या नावानं पेला उंच करायचे. आईनं निळ्या फुलांचे कप काढलेले असायचे, चहाला इतका वास यायचा की मला वाटायचं विलायत म्हणजे असाच वास असलेलं गाव असणार. राजा तर आपलाच कुणीतरी लांब राहणारा मोठा माणूस वाटायचा. कधी भेटला नाही, पण विचारपूस करत असेल असा.

मग कागदावर कर आला. तो गेला तर काचेवर आला, रंगावर आला, चहावर आला. ओबेडकाका आपल्या ओट्यावर बसून ओरडायचे, 'मला न विचारता माझ्या खिशात हात घालतो तो चोर! मुकुट घालून आला म्हणून काय झालं?' आणि बाबा म्हणायचे, 'घालू दे की, तुझ्या खिशात आहे काय? तंबाखूचा चुरा!' दोघं हसायचे. भांडण म्हणजे तेव्हा एवढंच होतं.

मग तुझं लग्न झालं. आणि त्याच उन्हाळ्यात काकांचं गलबत काकवीसकट जकातवाल्यांनी धरलं, आणि धरणाऱ्या होडीत दाजी होते. त्यांचं कामच ते. मला समजतं. काकांना नाही समजत.

बाबा आत येतायत.

तुझी
टॅमी


ऑटर कोव्ह
१३ डिसेंबर १७७४

ताई,

मुलगी झाली! आणि नाव आईचं ठेवलंस! तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग धीर करून बाबांसमोर नेलं. वाचून दाखवणं मला जमलं नाही, नुसतं टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले, दोरा काही जाईना. मग म्हणाले, "बोटं कशी आहेत विचार. लांब आहेत का आखूड."

तर फीबीची बोटं कशी आहेत ते नक्की लिही.

आता दुसरी बातमी. ती सगळी सांगते, कारण मला एकटीला पोटात ठेवता येत नाहीये.

गेल्या आठवड्यात ओबेडकाका दुकानात आले. आता ते कमिटीचे मुख्य आहेत. गावानं पाच जण निवडलेत, कोण इंग्रजी माल विकतो, कोण चहा पितो ते बघायला. दारातूनच म्हणाले, "एनॉक, बातमी चांगली नाहीये."

बाबा म्हणाले, "तुझ्या तोंडून चांगली बातमी शेवटची कधी आली होती? गलबत होतं तेव्हा."

"ऐक तर खरं. फिलाडेल्फियात सगळ्या वसाहतींची मंडळी बसली होती, त्यांनी ठरवलंय. कर उठवेपर्यंत विलायतेचा माल बंद. चहा बंद. पत्ते बंद, घोड्यांच्या शर्यती बंद."

"गावात घोडे दोन, त्यातला एक आंधळा. सोसेल आपल्याला."

"आणि मयताला हातमोजे वाटणं बंद."

बाबांच्या हातातली कात्री थांबली. मी कोपऱ्यात अंगठा शिवत होते, माझीही सुई थांबली.

"हे हातमोजे विलायतेचे नाहीत रे," बाबा म्हणाले. "ही मेंढी याच गावात चरलीय. तुझ्याच कुंपणात घुसायची, दगड मारायचास तिला."

"माहितीये मला. पण इथले वाटू दिले की दुसरा कोणीतरी विलायतेचे वाटतो आणि म्हणतो इथलेच आहेत. मयतात कोण उलटून बघणार? म्हणून सगळेच बंद."

"मग माणसांना बोलवायचं कसं?"

"तोंडानं."

"तोंडानं जेवायला बोलवतात, ओबेड."

आणि खरंच आहे ना गं? मेल्याची बातमी काय, घंटा वाजली की कुत्र्यालाही समजते. पण हातमोज्यांचा जोड दारात आला म्हणजे घरच्यांनी आपल्याला आपलं मानलं, आपण यावं असं त्यांना वाटतं. आईच्या वेळी आपण दोघी टोपली घेऊन घरोघर फिरलो होतो. तू दार वाजवायचीस, मी मागे उभी राहायचे. लोक एक शब्द न बोलता जोड घ्यायचे आणि छातीशी धरायचे. पाद्री टिलसनसाहेबांकडे तर इतके जमले होते की त्यांनी पोतंभर बाबांनाच परत विकले. बाबा म्हणायचे, एक जोड मी ओळखतो, चार मयतं करून घरी आलाय, आता त्याला पाद्री करायला हरकत नाही.

त्या दिवशी मात्र त्यांना विनोद सुचला नाही. काकांनी कागद पुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, "सही कर रे. नाहीतर काच पुन्हा फुटेल. गेल्या वेळी दगड मी मारला नव्हता, पण मारणाऱ्यांना मी ओळखतो. म्हणतात, जकातवाल्याचा सासरा."

तर ताई, वारा नव्हता. तुला उगाच घोर नको म्हणून तसं लिहिलं होतं.

बाबांनी सही केली. म्हणाले, "काचेसाठी करत नाहीये. तुझं गलबत गेलं तेव्हा मी काही केलं नाही, म्हणून करतोय." काकांचे डोळे भरून आल्यासारखे झाले. तिथंच उठून गेले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना राहवलं नाही. दारात वळून म्हणाले, "आणि ती बॉस्टनची मुलगी आता–"

"तिचं नाव तू काढायचं नाहीस," बाबा म्हणाले. "मी काढत नाही तो माझा हक्क आहे. तुझा नाही."

काका दार आपटून गेले. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नाहीत. ओटा रिकामा असतो. शिवलेले जोड फळीवर तसेच पडून आहेत, बाबा आता कामाचे जाड हातमोजे आणि घोड्यांचे पट्टे शिवतात. मऊ कातड्यासाठी तुरटी, पीठ, अंड्याचा बलक कालवलेल्या त्या बादलीचा वास दुकानात येईनासा झालाय. तू नाक धरून पळायचीस त्या वासाला. मला तो आता हवाहवासा वाटतो.

चहाऐवजी आम्ही रासबेरीची पानं उकळून पितो. गवतासारखं लागतं. सगळे म्हणतात छान आहे.

टॅमी


ऑटर कोव्ह
१९ जानेवारी १७७५

ताई,

बाबा आज सकाळी गेले. खोकला छातीत उतरला होता.

सोमवारी दुपारी मयत आहे. सायलस आत्ताच निघतोय, परतीच्या गाडीनं तुला घेऊन येईल. फीबीला गरम गुंडाळून आण. ये गं. ये.

टॅमी


ऑटर कोव्ह
२० फेब्रुवारी १७७५

ताई,

तुझं पत्र आलं. महिनाभर वाट बघितली आणि मग वाटलं नसतं आलं तर बरं.

तू लिहिलंयस, 'गाडीत पत्र होतं, मासे होते, हातमोजे नव्हते. तेव्हा मला समजायचं ते समजलं. बातमी दिलीत, बोलावलं नाहीत.' आणि पुढे लिहिलंयस, 'बंदी आहे हे मला सांगू नकोस. आपल्या घरात काकवीची पिंपं राजाच्या नाकाखालून लपवून आणली गेली. मनात असतं तर एक जोड हातमोजे माशांखाली लपले असते.'

ताई, मी आता जे जसं झालं ते सांगते. मधे थांबवायला तू समोर नाहीस, त्यामुळे मला सगळं सांगता येईल.

आदल्या दिवशी बाबा मला म्हणाले, "कझायाला बोलव." किती दिवसांनी ते नाव या घरात ऐकलं! मला वाटलं चुकून आईचं नाव घेतलं. मी म्हणाले, "ताईला?" तर चिडले. "मग काय इंग्लंडच्या राणीला? ताईलाच!" मग खोकला आला. मी उठून फळीवरचा सगळ्यात मऊ जोड काढला, पांढऱ्या कोकराचा, आणि त्यांच्या हातात दिला, म्हटलं तुमच्या हातानं गुंडाळून द्या. त्यांनी तो उलटसुलट बघितला. शिवण तपासली. माझा एक टाका सैल होता तो दाखवला. मग परत माझ्या हातात दिला.

"हे नको. पत्र लिही. मी सही केलीय."

मी म्हटलं, "बाबा, कोण बघतंय?" तर म्हणाले, "कोणी बघत नाही तेव्हाच तर सही लागते. ती माझी मुलगी आहे, तिला समजेल."

एवढंच झालं. ते तुला ओळखत होते असं त्यांना वाटत होतं. तू त्यांना ओळखत होतीस असं तुला वाटत होतं. मी दोघांच्या मधे टेबलाखाली बसल्यासारखी. मी त्यांचं ऐकलं. पुन्हा तीच वेळ आली तरी त्यांचंच ऐकेन गं, पण पत्रात चार ओळी जास्त लिहीन.

आणि तुला वाटतंय की तू एकटीच घरी बसलीस. मयताचं सांगू? गावातलं पहिलं बिनहातमोज्यांचं मयत आपल्या बाबांचं झालं. हातमोजे शिवणाऱ्याचं. कोणाला काही समजेना. मी घरोघर जाऊन तोंडानं सांगायला हवं होतं, आणि मी कशी सांगणार? दोन घरी गेले, दारात उभी राहिले, त्यांनी विचारलं काय गं, मी म्हटलं सोमवारी दुपारी, आणि पळाले. बाकीचं शेजारच्या डॉर्कसकाकूंनी सांगितलं. पण सांगणं वेगळं आणि बोलावणं वेगळं. म्हाताऱ्या हॅना मॉसबाईंच्या लग्नाचे हातमोजे बाबांनी शिवले होते, त्या काळे कपडे घालून दिवसभर खिडकीत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलेनात. उलट ज्यांना बाबांनी जन्मात विचारलं नसतं ते आले, सफरचंदाचं सायडर प्यायले, ब्रेड खाल्ला आणि उघड्या लालभडक हातांनी शवपेटी उचलली. इतकी थंडी होती, आणि फळीवर रांगेनं जोड पडलेले. कोणी तिकडे बघत नव्हतं. सगळे तिकडेच बघत होते.

ओबेडकाका आत आले नाहीत. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभे होते, टोपी हातात, डोक्यावर बर्फ पडतंय. मेल्यावरही राग धरून बसलेत, असं मला वाटलं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

मी तुझ्यासाठी माझ्या शेजारी जागा ठेवली होती. पाद्रीसाहेबांनी दोनदा विचारलं, सुरू करू का? मी मान हलवून नाही म्हणत राहिले.

आता तुझ्या मनात काय आहे ते लिही. रागावलेलं पत्र असलं तरी चालेल. आधीचंही मी ठेवून दिलंय.

टॅमी


ऑटर कोव्ह
२९ एप्रिल १७७५

ताई,

मार्चमध्ये दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. आता तर सायलसही गावाच्या नाक्यापुढे जात नाही. हे पत्र बॉस्टनच्या वेशीवर आपली माणसं पहारा देतायत त्यांच्या हातून आत येईल असं ओबेडकाका म्हणालेत. हो, ओबेडकाकाच. सांगते.

लेक्सिंग्टनला राजाच्या शिपायांनी आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्याची बातमी आली त्या सकाळी मी पाणी भरत होते. घंटा वाजायला लागली आणि थांबेचना. लोहार नेहेमियाकाका ऐरणीवर तापलेलं लोखंड तसंच टाकून पळाले. पुरुष चौकात जमले, ज्यांच्याकडे बंदूक नव्हती त्यांनी कोयते आणले. कोणी गाणं म्हटलं नाही, भाषण झालं नाही. डॉर्कसकाकूंचा नवरा निघताना म्हणाला, "गाईला चारा घाल," एवढंच. मला एकदम त्या होळीची आठवण आली. तेच पुरुष, तोच चौक. तेव्हा राजाच्या नावानं ओरडत होते.

चहापासून सुरू झालं होतं ताई. एका पेयापासून! आता नेहेमियाकाकांचा भाचा परत आलेला नाही.

नंतर ऐकलं की बॉस्टनला आपल्या माणसांचा वेढा पडलाय, आणि राजाच्या सेनापतीनं बंदुका जमा करणाऱ्यांना बाहेर पडायला परवाने द्यायचं कबूल केलंय. पण बाहेर पडून जायचं कुठे? आपल्या गावात कमिटीनं ठरवलंय, जकात खात्याच्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना थारा द्यायचा नाही. तू आत, फीबी आत, मासे नाहीत, दूध नाही, आणि बाहेर आलीस तर आपल्याच गावाचा नाका बंद.

म्हणून काल मी कमिटीसमोर गेले.

खरंच गेले. प्रार्थनाघरात टेबलामागे पाच जण बसले होते. बायका तिथं जात नाहीत, आणि मी तर कुठंच जात नाही. दारातून टेबलापर्यंतची वाट इतकी लांब कधी नव्हती. पोचल्यावर काहीच बोलता येईना. पाद्रीसाहेब म्हणाले, "बोल बाळा." नेहेमियाकाकांनी पाण्याचा पेला पुढे केला. कोणीतरी मागून म्हणालं, "एनॉकची मुकी आलीय वाटतं, कागद-दौत द्या तिला!" हसले थोडे.

ओबेडकाका हसले नाहीत. म्हणाले, "काय हवंय टॅम्सिन?"

"ताई," मी म्हटलं. एवढाच शब्द निघाला.

काकांनी मान वळवली. "जमणार नाही. तिच्या नवऱ्यानं माझं गलबत घालवलं. आणि ती बापाच्या मयतालासुद्धा आली नाही. अशीला गावानं घ्यायचं?"

मग मला काय झालं माहीत नाही. तुझं ते पत्र माझ्या डोक्यात होतं, आणि काकांचं बर्फ पडलेलं डोकं डोळ्यांसमोर होतं, आणि दोन्ही एकदम एकत्र आलं. मी विचारलं, "काका, तुम्ही मयताला भिंतीबाहेर का उभे होतात?"

काका टेबलावरचा खिळा नखानं कोरत होते.

"बोलावणं नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

"हातमोजे?"

"हो."

"पण बंदी तर तुम्हीच–"

"माहितीये गं मला! मीच घातली!" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की पाद्रीसाहेबांच्या हातून लेखणी पडली. मग आवाज खाली आला. "मलाच सगळ्यात आधी माहीत होतं. तरी त्या दिवशी सकाळपासून दाराकडे कान लावून बसलो होतो. वाटलं, भाऊ आहे, एक जोड पाठवेल. मोडेल नियम माझ्यासाठी. नाही आला तेव्हा वाटलं, रागातच गेला. मग आत कसा येणार? कोणत्या तोंडानं?"

मी म्हटलं, "ताईनंही तशीच वाट बघितली."

मला आणखी बोलायचं होतं. बाबांनी तो जोड परत माझ्या हातात दिला ते सांगायचं होतं. सांगितलं, पण रडत रडत, त्यामुळे किती जणांना समजलं माहीत नाही. काकांना समजलं. 'मी सही केलीय' हे शब्द ऐकले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग नेहेमियाकाकांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "ओबेड, रडण्यावर अजून कर बसलेला नाही. येऊ दे पोरीला."

एक जण म्हणाला, "आणि नवरा?"

"त्याचं नाव काढू नका," काका म्हणाले. "ती येईल. पोर येईल. तो नाही. तो या गावात आला तर मी काय करीन ते मला आत्ताच सांगता येत नाही."

तर ताई, हे असं आहे. दाजींना येता येणार नाही. मी गोड करून सांगत नाही, काच फुटली तेव्हा सांगितलं होतं तसं. तुला एकटीला ठरवायचंय. तू त्यांच्याबरोबर राहिलीस तरी मी तुला वाईट म्हणणार नाही, कोणी म्हणालं तर ऐकून घेणार नाही. पण आलीस तर वेशीच्या आपल्या बाजूला सायलसची गाडी उभी असेल. सोबत मी असेन. काकांनी सही केलेला परवाना माझ्याकडे आहे.

या वेळी चार ओळी जास्त लिहितेय. बाबांनी तुला बोलावलं होतं. तुझं नाव घेऊन बोलावलं होतं. मीही बोलावतेय.

टॅमी


ऑटर कोव्ह
२० मे १७७५

ताई,

तू वरच्या खोलीत आहेस, मी खाली दुकानात, आणि तरी पत्र लिहितेय. हसशील तू. पण गाडीत अख्ख्या वाटेनं मी 'फीबीला भूक लागलीय का' याच्यापुढे काही बोलले नाही, तेव्हाच मला समजलं की लिहावं लागणार. जेवणाच्या ताटाबरोबर हे वर ठेवीन.

तू आल्यापासून खाली आली नाहीस. दाजी जहाजावर गेले, आता कुठे पाठवतील ठाऊक नाही, एवढंच सांगितलंस. मी विचारत नाही. तुला हवं तेवढे दिवस वर राहा. फीबीला मी सांभाळते, ती मला अजिबात लाजत नाही, मीही तिला लाजत नाही. तिची बोटं आखूड आहेत गं. बाबांनी काय म्हटलं असतं?

तुला वाटतंय की गाव तुला बघायला टपलंय. टपलंय थोडं. हॅना मॉसबाई काल अंडी घेऊन आल्या, म्हणाल्या, 'मलाही बोलावलं नव्हतं म्हणावं,' आणि गेल्या. डॉर्कसकाकू बोलल्या नाहीत, नुसतं दूध ठेवून गेल्या. त्यांचा नवरा अजून वेढ्यावर आहे, त्या इतक्यात बोलणार नाहीत. आपण दूध घ्यायचं आणि गप्प बसायचं.

पण ओबेडकाकांचं मला समजत नाही काय करावं. तू आल्यापासून ते रोज दुपारी येतात. पायरीच्या खाली उभे राहतात. मी दार उघडून म्हणते, 'काका, आत या,' तर मान हलवतात. काल म्हणाले, 'तू नको बोलावूस. तू लहान आहेस.' मग जरा वेळ समुद्राकडे बघितल्यासारखं केलं आणि निघून गेले. पाठ किती वाकलीय त्यांची. पिंपावर उभे राहिलेल्या बाबांना हेच खालून धरून ठेवायचे, आठवतं?

ते तुझ्यावर रागावलेले आहेत. मला वाटतं दाजींवर जन्मभर रागावलेले राहतील. तूही त्यांच्यावर रागावलेली आहेस, आणि असावंसच, त्या पाच जणांनी तुझा नाका बंद केला होता. मी कोणालाच समजवायला जाणार नाही. मला ते येत नाही.

एवढंच की या घरात आता थोरली तू आहेस. माझ्या बोलावण्यानं ते आत येणार नाहीत, आणि तुझ्याशिवाय बोलावणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

आजही आलेत. मी लिहितेय आणि कातड्याच्या पिवळ्या उजेडात त्यांची सावली दिसतेय. दार मी उघडत नाहीये, ताई. तू खाली ये आणि उघड.

टॅमी